ट्रिपॅनोसोमाच्या कशाभिकेतलं कॅल्शिअम बांधणारं प्रथिन नेमकं करतं काय?

सोलापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला प्रश्न लिहून पाठवला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, चागास रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रूझी या जंतूच्या कशाभिकेत (पोहण्याच्या चाबकासारख्या धाग्यात) २४ किलोडाल्टनचं एक कॅल्शिअम बांधणारं प्रथिन असतं असं वाचलं. कॅल्शिअम बांधून ते कशाभिका हलवतं का? आपल्याकडे जनावरांत सर्रा दिसतो, त्याचा जंतूही ट्रिपॅनोसोमाच. मग या प्रथिनावर, औषधाचं लक्ष्य म्हणून, माझा प्रबंध होऊ शकेल का?" परजीवीशास्त्र शिकवण्यात आणि रक्ताच्या काचा बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा लांबून उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हे प्रथिन कशाभिका हलवतं असा पुरावा नाही, आणि त्याच्या आफ्रिकी भाऊबंदांवर झालेल्या प्रयोगांतून उलटच दिसलं आहे. पण तुझ्या प्रश्नामागे एक समजूत आहे आणि ती दुरुस्त करणं मला जास्त गरजेचं वाटतं. एखादं प्रथिन कॅल्शिअम बांधतं एवढं कळलं की त्याचं काम कळलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅल्शिअम बांधणारी प्रथिनं पेशीत शेकड्यांनी असतात. त्यातलं एखादं काय करतं हे ते कुठे बसतं, कशाच्या आधाराने बसतं आणि कॅल्शिअम आलं-गेलं की त्याच्यात काय बदलतं यावर ठरतं. कशाभिकेतल्या या प्रथिनाची सगळी गंमत त्याच्या सुरुवातीला चिकटलेल्या मेदाच्या शेपटीत आहे. वाचताना तो भाग बहुतेक जण घाईने ओलांडून जातात.

आधी कॅल्शिअमविषयी. रक्तद्रवात मोकळं कॅल्शिअम साधारण १ मिलिमोलरच्या आसपास असतं आणि पेशीच्या आत, ती शांत असताना, सुमारे ०.१ मायक्रोमोलर. म्हणजे आत आणि बाहेर जवळजवळ दहा हजार पटींचा फरक. एवढा उतार असला की पेशीच्या पटलातली (आवरणातली) एखादी वाट क्षणभर उघडली तरी आतलं कॅल्शिअम झपकन वाढतं आणि पेशीला तो इशारा मिळतो. हा इशारा वाचणाऱ्या प्रथिनांपैकी बऱ्याच जणांत एक ठरावीक घडण असते, तिला ईएफ-हँड म्हणतात. १९७३ साली क्रेटसिंगर आणि नॉकोल्ड्स यांनी कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हअल्ब्युमिनची रचना उलगडली तेव्हा ती प्रथम नीट दिसली. त्या प्रथिनातल्या ई आणि एफ या दोन सर्पिलांवरून तिला नाव पडलं. दोन सर्पिलं आणि त्यांच्यामध्ये १२ अमिनो आम्लांचा एक वेढा. त्या वेढ्यातले ऑक्सिजन अणू कॅल्शिअमला चहूबाजूंनी घेरतात आणि १२ व्या जागेवरचं ग्लुटामेट एकट्याने दोन ऑक्सिजन देतं. ही १२ वी जागा बदलली की पकड बहुधा ढिली होते. अमिनो आम्लांच्या क्रमावरून अंदाज बांधायचा असेल तर आधी याच जागा बघाव्यात.

आता तुझं प्रथिन. त्याला एफसीएबीपी म्हणतात. एंगमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली त्याचं वर्णन केलं. निदानाच्या आणि लशीच्या कामात हेच टीसी२४ या नावाने येतं आणि जुन्या लिखाणात १एफ८ म्हणूनही. तीन नावं, पण वस्तू एकच. संदर्भ शोधताना हे लक्षात ठेवलं नाहीस तर अर्धं वाचन हातातून निसटेल. त्यात चार ईएफ-हँड आहेत, पण कॅल्शिअम धरतात ते शेवटचे दोनच, तिसरा आणि चौथा. पहिले दोन आकाराने तसेच असले तरी रिकामे राहतात. धरणाऱ्या दोघांची पकडही सारखी नाही. एकाची घट्ट, दुसऱ्याची बरीच सैल, आणि दोन्ही मायक्रोमोलर पट्ट्यात.

इथे थोडं थांब. पेशी शांत असताना आत ०.१ मायक्रोमोलर कॅल्शिअम आणि या प्रथिनाची पकड मायक्रोमोलरमध्ये. याचा अर्थ शांत पेशीत ते बहुतांश रिकामं असायला हवं. तरीही प्रतिपिंडांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की ते कशाभिकेच्या पटलालाच चिकटलेलं दिसतं. मग एक तर कशाभिकेच्या आत कॅल्शिअमची पातळी पेशीच्या इतर भागापेक्षा निराळी असावी, नाही तर प्रथिनाला पटलापाशी धरून ठेवणारं काही तरी दुसरंही असावं. मला दुसरी शक्यता जास्त पटते आणि पुढचे प्रयोग वाचताना तीच डोळ्यांसमोर ठेवावी असं मी सुचवेन.

ते दुसरं म्हणजे मेदाची शेपटी. एफसीएबीपीच्या क्रमात सुरुवातीच्या मेथिओनिननंतर ग्लायसीन येतं आणि चौथ्या जागी सिस्टीन. मेथिओनिन कापलं गेलं की उघड्या पडलेल्या ग्लायसीनवर मिरिस्टेट जोडलं जातं. ते १४ कार्बनचं मेदाम्ल, आणि एकदा जोडलं की कायमचं. चौथ्या सिस्टीनवर १६ कार्बनचं पामिटेट बसतं, पण तो जोड थायोएस्टरचा असल्यामुळे पेशी तो तोडू शकते आणि परत जोडू शकते. एकटं मिरिस्टेट प्रथिनाला पटलाशी जेमतेम टेकवतं, पामिटेट आलं की ते पक्कं बसतं. एका टाक्याने अडकवलेलं कापड ओढलं की निघतं आणि दुसरा टाका पडला की टिकतं, तसा हा प्रकार. फरक एवढाच की यातला दुसरा टाका पेशीला हवा तेव्हा उसवता येतो.

गोडसेल आणि एंगमन यांनी १९९९ मध्ये हे दोन्ही जोड दाखवून दिले. ग्लायसीन बदललं की प्रथिन पटल सोडून पेशीद्रवात पसरतं. कॅल्शिअम असताना ते कशाभिकेच्या पटलाला धरून राहतं आणि कॅल्शिअम काढून घेतलं की सुटतं, हेही त्याच कामात दिसलं. याला कॅल्शिअम-मेद खटका म्हणावं. डोळ्याच्या पडद्यातल्या रिकव्हरिन या प्रथिनात असाच खटका फार सुरेख उलगडला आहे. कॅल्शिअम नसताना त्याचं मिरिस्टेट प्रथिनाच्या पोटात दडलेलं असतं आणि कॅल्शिअम येताच बाहेर पडून पटलात शिरतं. पण रिकव्हरिनचं चित्र जसंच्या तसं एफसीएबीपीवर बसवू नकोस. रिकव्हरिनला पामिटेट नसतं आणि त्याच एका फरकाने सगळा हिशेब बदलतो.

पुढे असं कळलं की एफसीएबीपीची पहिली २४ अमिनो आम्लं दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाच्या पुढे जोडली तरी ते कशाभिकेत जाऊन बसतं. त्या २४ मध्ये दोन मेदजोडांच्या जागा आहेत आणि काही लायसीन आहेत. लायसीनवर धन भार असतो, पटलाच्या आतल्या बाजूच्या मेदांवर ऋण, त्यामुळे ते एकमेकांना धरतात. ते लायसीन बदलले की प्रथिन नेमकं कशाभिकेत जाईनासं होतं. या तुकड्यात एकही ईएफ-हँड नाही, हे नीट बघ. जागा गाठण्यासाठी कॅल्शिअम धरणाऱ्या भागाची गरजच पडत नाही. कॅल्शिअमचं काम त्यापुढे, जागेवर पोचल्यावर सुरू होतं.

आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीमध्ये याच कुळातली प्रथिनं आहेत. त्यांना कॅलफ्लॅजिन म्हणतात आणि ती टीबी१७, टीबी२४ आणि टीबी४४ अशी ओळखली जातात. ब्रुसीमध्ये पामिटेट जोडणारी १२ विकरं आहेत. एकेक विकर बंद करून बघितलं तेव्हा त्यांतलं फक्त एक, टीबीपॅट७, बंद झाल्यावर कॅलफ्लॅजिन कशाभिकेत थांबेना, सगळ्या अंगभर पसरलं. मला हा प्रयोग फार आवडतो. एक विकर गेलं आणि प्रथिनाची जागा गेली. तरी ते पटलातच राहिलं, कारण मिरिस्टेट शाबूत होतं. पटलात बसवणं आणि पटलाच्या नेमक्या भागात थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगात मी पाहिलेलं नाही.

कशाभिकेचं पटलच का, तर ते उरलेल्या अंगावरच्या पटलासारखं नसतं. त्यात स्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड जास्त असतात, मेद दाटीने रचलेले असतात आणि थंड ट्रायटन या डिटर्जंटमध्येही ते सहज विरघळत नाहीत. सरळ संपृक्त शेपटीची मेदाम्लं असल्या दाटीत चांगली बसतात, मिरिस्टेट आणि पामिटेट दोन्ही त्यात येतात. लीशमानिया या नातलग जंतूचा दाखला याला जोड देतो. त्याच्या कशाभिकेत एसएमपी-१ नावाचं छोटं प्रथिन आहे. त्यालाही मिरिस्टेट आणि पामिटेट आहे आणि तेही कशाभिकेच्या पटलातच जातं, पण त्यात ईएफ-हँड नाही. दोन वेगळी प्रथिनं, एक कॅल्शिअम धरणारं आणि एक न धरणारं, एकाच प्रकारच्या शेपटीने एकाच प्रकारच्या जागी पोचतात. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तू काहीही लिही, हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेव.

आता हालचालीकडे येऊ. ब्रुसीमध्ये आरएनएआयने, म्हणजे जनुकाचा संदेश दाबून टाकणाऱ्या तंत्राने, कॅलफ्लॅजिन जवळजवळ नाहीसं केलं तरी प्रयोगशाळेतल्या माध्यमात जंतू वाढले आणि पोहलेही, नेहमीसारखे. तेव्हा हालचालीचा भार यांच्यावर नाही. कॅल्शिअमचा हालचालीशी संबंध मात्र आहे, आणि जुना आहे. या कुळातल्या जंतूंत कशाभिकेची लाट बहुधा टोकाकडून बुडाकडे धावते आणि जंतू कशाभिका पुढे धरून सरकतो. १९७६ साली होलविल आणि मॅक्ग्रेगर यांनी क्रिथिडिया या ट्रिपॅनोसोमाच्या नातलगावर दाखवलं की कॅल्शिअम वाढलं की लाटेची दिशा उलटते, ती बुडाकडून टोकाकडे जायला लागते. हा परिणाम अक्षसूत्रावर, म्हणजे नऊ जोड्या आणि मधल्या दोन नलिका यांच्या सांगाड्यावर होतो. त्याच्या शेजारून एक जाळीदार दांडा जातो, त्याला पॅराफ्लॅजेलर रॉड म्हणतात. त्याच्याशी बांधलेलं कॅल्शिअमचं प्रथिन म्हणजे कॅलमॉड्युलिन. ब्रुसीमध्ये कॅलमॉड्युलिन घटवलं की हा दांडा नीट बांधला जात नाही आणि कशाभिका अंगापासून सुटी पडते. कशाभिका अंगाला जिथे शिवलेली असते त्या पट्ट्यात कॅल्शिअमची वाट उघडणारं एक प्रथिनही सापडलं आहे, आणि ते घटवलं तरी कशाभिका सुटते. कॅलमॉड्युलिनला मेदाची शेपटी नाही, त्याचे चारही ईएफ-हँड कॅल्शिअम धरतात आणि ते सांगाड्यात बसतं. एकाच कशाभिकेत, एकमेकांपासून काही नॅनोमीटरवर, कॅल्शिअम वाचणारी दोन प्रथिनं दोन वेगळ्या कामांना लागलेली असतात. "कशाभिकेतलं कॅल्शिअम" असा एकच विषय धरून त्यावर लिहिणं म्हणूनच धोक्याचं वाटतं मला.

मग कॅलफ्लॅजिन कशासाठी? आरएनएआयच्या वर सांगितलेल्या त्याच कामात, ते २०१० चं, कॅलफ्लॅजिन घटवलेले जंतू उंदरांत टोचले तेव्हा फरक पडला. रक्तातली जंतूंची संख्या दबली आणि उंदीर जास्त जगले. काचेच्या नळीत काहीच नाही आणि जिवंत प्राण्यात एवढा परिणाम, म्हणजे या प्रथिनाचा संबंध यजमानाच्या आत टिकून राहण्याशी आहे. कशाभिका ही परिसर ओळखणारी जागाही आहे. ब्रुसीमध्ये सायक्लिक एएमपी बनवणारी विकरं तिथेच बसतात. कॅलफ्लॅजिन त्या संवेदनेच्या साखळीत कुठे तरी आहे असं मानायला जागा आहे. त्यापलीकडे नेमकी कडी दाखवणारा प्रयोग व्हायचा आहे, म्हणून तुझ्या लिखाणात "संवेदनेत भाग घेतं" असं ठामपणे येऊ देऊ नकोस. "असावं" एवढंच येऊ दे.

लशीबद्दल तू विचारलं नव्हतंस, पण वाचताना समोर येईलच. अमेरिकेत बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनशी जोडलेल्या लसकेंद्राने चागास रोगावरच्या उपचारात्मक लशीसाठी टीसी२४ घेतलं. त्याच्या चार सिस्टीनांमुळे प्रथिनाच्या गुठळ्या होत, म्हणून चारही जागी सेरीन घातलं आणि त्याला टीसी२४-सी४ म्हटलं. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात: प्रथिन पटलाच्या आतल्या बाजूला बसतं, मग प्रतिपिंडं त्याला गाठणार कशी? अखंड, जिवंत जंतूवर ती गाठत नाहीत. जंतू फुटले की प्रथिन बाहेर पडतं, त्यामुळे चागासच्या रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात आणि निदानाला ते उपयोगी पडतं. उपचाराच्या बाजूने टी पेशींचा प्रतिसाद महत्त्वाचा ठरतो, कारण क्रूझी पेशींच्या आत शिरून वाढतो आणि त्या पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडतात. आणखी एक: लशीसाठी बदललेल्या रूपात चौथं सिस्टीनच नाही, म्हणजे पामिटेटही नाही. लशीसाठीचं टीसी२४ आणि कशाभिकेतलं जिवंत एफसीएबीपी यांचं वागणं एकच मानू नये.

जिआर्डियाबद्दल थोडक्यात, कारण तो आपल्याकडच्या शौचतपासणीत नेहमी दिसणारा कशाभिकाधारी आहे. त्याच्या ८ कशाभिकांच्या परिसरात अल्फा-जिआर्डिन नावाची प्रथिनं असतात. ती अ‍ॅनेक्सिन कुळातली, त्यांना ईएफ-हँड नाही, आणि त्यांच्यात कॅल्शिअम प्रथिन आणि पटलातला मेद यांच्यामध्ये बसून दोघांना जोडतं. घडण पूर्ण वेगळी असल्यामुळे ट्रिपॅनोसोमावरचे निष्कर्ष तिकडे न्यायचे नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. क्रूझी आपल्याकडे नाही, तो अमेरिका खंडांतला. आपल्याकडे आहे तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, सर्राचा जंतू. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो बघितला. तो ब्रुसीचा इतका जवळचा नातलग आहे की ब्रुसीतून निघालेलाच मानतात. त्याने वाटेत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा महत्त्वाचा भाग गमावला, त्यामुळे ब्रुसी जिच्यात वाढतो त्या त्सेत्से माशीच्या शरीरात त्याची वाढ होत नाही. चावऱ्या मोठ्या माश्या एका जनावराचं रक्त तोंडाला लागलेलं असतानाच दुसऱ्याला चावतात आणि तो तेवढ्यावर पसरतो. पावसाळ्यानंतर या माश्या वाढतात. सांगोल्याच्या बाजारात लांबलांबून जनावरं येतात, अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो, गड्ड्याच्या यात्रेला खिलार बैल येतात. जिथे वेगवेगळ्या गावची जनावरं दावणीला शेजारी शेजारी उभी राहतात तिथे या रोगाचा विचार मनात असलाच पाहिजे. घोड्यात तो जिवावर येतो. गाई-म्हशींत बरेचदा लपून राहतो: अधूनमधून ताप, जनावर खंगणं, दूध कमी होणं, रक्त पांढुरकं पडणं. मालकाला वाटतं चारा कमी पडला.

माणसाला तो सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल१ नावाचं प्रथिन त्याला मारतं. २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्सी सापडला. जगात अशी पक्की नोंद पहिल्यांदाच झाली. तपासाअंती त्या रुग्णात एपीओएल१ च्या दोन्ही प्रती निकामी असल्याचं दिसलं. सुरामिनने तो बरा झाला. आपल्याच राज्यातली ही घटना परजीवीशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावी अशी आहे.

तर प्रबंध. "औषधाचं लक्ष्य म्हणून कॅलफ्लॅजिन" हा विषय घेऊ नकोस, असं मी स्पष्ट सांगतो. कॅलफ्लॅजिन नसताना जंतू मरत नाही. शिवाय ईएफ-हँड आपल्याही पेशीत जागोजागी आहेत, म्हणून ती पकड अडवणारं औषध नेमकेपणाने बनवणं अवघड. कॉम्प्युटरवर डॉकिंग, म्हणजे रेणूंची आभासी जुळवणी, करून "उत्तम बंध मिळाला" असं लिहिणारे प्रबंध मी बरेच तपासले आहेत आणि त्यांतून कुणाच्याच हाती काही लागत नाही. मिरिस्टेट जोडणारं विकर, एनएमटी, ही निराळी गोष्ट. ते अडवलं की ब्रुसी मरतो हे २०१० मध्ये प्राण्यांत दाखवलं गेलं आहे. पण ते विकर कितीतरी प्रथिनांना शेपटी लावतं, त्यामुळे तो मृत्यू कॅलफ्लॅजिनमुळे झाला असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा मी असं सुचवेन. इव्हान्सीचा जनुकसंच उपलब्ध आहे. त्यातून कॅलफ्लॅजिनच्या प्रती गोळा कर, ब्रुसी, क्रूझी आणि लीशमानिया यांच्याशी मांडून बघ. दुसरं ग्लायसीन, जवळचं सिस्टीन, पुढचे लायसीन आणि प्रत्येक वेढ्याची १२ वी जागा, एवढ्या चार गोष्टींचा तक्ता केलास तरी माशीच्या शरीरातलं आयुष्य गमावलेल्या जंतूने हे प्रथिन जपलं आहे का, कुठे बदललं आहे, हा खरा प्रश्न हाती येईल. मला त्याचं कुतूहल आहे, कारण कॅलफ्लॅजिनचा उपयोग सस्तन प्राण्याच्या रक्तातच असेल तर ते इव्हान्सीत जपलेलं असायला हवं.

हाताने काम करायचं असेल तर क्रिथिडिया फॅसिक्युलाटा घे. तो डासाच्या पोटातला, माणसाला किंवा जनावराला त्रास न देणारा, साध्या माध्यमात वाढणारा. इव्हान्सी वाढवायला जिवंत प्राणी आणि प्राणिनीतिसमितीची परवानगी लागते, एम.एस्सी.च्या मुदतीत ते बसत नाही. क्रिथिडियातून कॅलमॉड्युलिन शुद्ध करणं मात्र जमण्यासारखं आहे. कॅल्शिअम असताना त्याचा मेदस्नेही भाग उघडा पडतो आणि ते फिनाइल-सेफॅरोजच्या मेदस्नेही मण्यांना चिकटतं, कॅल्शिअम पकडून काढणारं ईजीटीए घातलं की सुटून येतं. जेलवर कॅल्शिअमसह आणि ईजीटीएसह असे दोन नमुने शेजारी चालवले की पट्टी वेगवेगळ्या ठिकाणी येते. ते एकदा स्वतःच्या जेलवर बघितलंस की कॅल्शिअमने प्रथिनाचा आकार बदलतो म्हणजे काय ते पुस्तकाविना कळेल.

या कामात सगळ्यात जास्त फसवतं ते कॅल्शिअमच, कारण ते सगळीकडे असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते चहाच्या भांड्याला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून घरोघरी माहीत आहे. त्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या भांड्यात मायक्रोमोलर कॅल्शिअम उरतं आणि तुझा प्रयोग नेमका मायक्रोमोलरमध्येच आहे. विआयनित पाणी आणि प्लॅस्टिकची भांडी वापर. फॉस्फेट बफर घेऊ नकोस, त्यात कॅल्शिअम साक्याने खाली बसतं, हेपीज किंवा ट्रिस घे. ईजीटीएची कॅल्शिअमवरची पकड पीएचप्रमाणे खूप बदलते, म्हणून पीएच प्रत्येक वेळी मोज. आणि ईजीटीएच्या जागी ईडीटीए कधीही वापरू नकोस. ईडीटीए मॅग्नेशिअमही काढून घेतं, कशाभिका हलवणाऱ्या डायनीन या प्रथिनाला एटीपी मॅग्नेशिअमसह लागतं, त्यामुळे पटल काढलेली कशाभिका ईडीटीएत थांबली तर ती कॅल्शिअम गेल्याने थांबली की मॅग्नेशिअम गेल्याने, हे कळायला मार्ग उरत नाही.

रक्तनमुन्यांतही हेच. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. साध्या तपासणीला ती उत्तम आणि तीत ट्रिपॅनोसोमा वळवळतानाही दिसतात, कारण ईडीटीए अखंड पेशीच्या आत शिरत नाही. पण बाहेरचं कॅल्शिअम तिने संपवलेलं असतं. कॅल्शिअमचा परिणाम बघायचा असेल तर हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची नळी मागव. ओली काच बघताना सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये थेंब बघता बघता सुकतो आणि कडेकडून क्षार दाटत जातात. अशा थेंबातल्या जंतूची चाल बदललेली दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आवरणकाचेच्या चारही कडा व्हॅसलीनने बंद कर, सकाळी लवकर बस आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा गरजेपुरताच लाव.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुने हवे असतील तर पावसाळा संपल्यावरच्या महिन्यांसाठी आताच बोलून ठेव. जनावराला डिमिनाझीन किंवा क्विनापायरामीन टोचण्याआधी नमुना घ्यायला सांग, उपचारानंतर काचेवर काही मिळत नाही. ताप चढलेला असताना घेतलेला नमुनाच उपयोगी. कानाच्या शिरेतला ताजा थेंब आणि हेपॅरिनची नळी, दोन्ही घ्यायला सांग. नळीवर जनावराची जात, वय, गाव आणि तापमान लिहिलेलं असू दे. क्रमांचा तक्ता तयार झाला की मला दाखव, १२ व्या जागा आपण एकत्र बसून तपासू.